वृद्ध व दिव्यांग व्यक्ती : विधिविषयक हक्क व नियोजन

वार्धक्य अथवा शारीरिक, मानसिक वा बौद्धिक दिव्यांगत्व यांमुळे ज्यांना चरितार्थ, निवारा, औषधोपचार किंवा मालमत्तेचे व्यवहार यांबाबतीत इतरांच्या साहाय्याची गरज भासते, अशा व्यक्तींच्या संरक्षणार्थ विधीने मान्य केलेले हक्क आणि ते हक्क प्रत्यक्षात उपभोगता यावेत म्हणून वेळीच करून ठेवावयाची व्यवस्था, असे या विषयाचे दोन भाग पडतात. पहिला भाग मुख्यतः अधिनियम, नियम व न्यायनिर्णय यांचा आहे. दुसरा मृत्युपत्र, न्यास, पालकत्व, मुखत्यारपत्र यांसारख्या लेखांचा व संस्थांचा आहे. हे दोन्ही भाग परस्परपूरक आहेत. हक्क असूनही त्यासंबंधीची व्यवस्था वेळीच न केल्यामुळे मालमत्ता असलेली व्यक्ती निराधार होते, तर व्यवस्था करताना कायद्याची नीट माहिती नसल्यामुळे सद्हेतूने केलेला लेखही घातक ठरतो, असा अनुभव आहे.

भारतात साधारणपणे वयाची साठ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीस ज्येष्ठ नागरिक समजतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अशा व्यक्ती सु. १०.३८ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या सु. ८.६ टक्के होत्या. त्याच जनगणनेत दिव्यांग व्यक्तींची संख्या सु. २.६८ कोटी (२.२१ टक्के) नोंदविली गेली, त्यांपैकी सु. २९.६ लक्ष महाराष्ट्रात होत्या. हे दोन वर्ग एकमेकांपासून सर्वस्वी भिन्न नाहीत. वयपरत्वे दृष्टी, श्रवणशक्ती, हालचाल व स्मरणशक्ती ही क्षीण होत जातात, तर जन्मतः दिव्यांग असलेली मुले आईवडिलांच्या म्हातारपणी प्रौढ झालेली असतात. एकाच घरात वृद्ध माता आणि तिच्यावर अवलंबून असलेला प्रौढ, मतिमंद पुत्र असे दोघेही राहतात, तेव्हा या विषयाचे दोन्ही पैलू एकाच वेळी उपस्थित होतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : वृद्ध मातापित्यांचे पोषण हे पुत्राचे कर्तव्य होय, असे धर्मशास्त्राने आवर्जून सांगितले आहे. दिव्यांगांबाबत मात्र त्याची भूमिका दुहेरी होती. मनुस्मृति व याज्ञवल्क्यस्मृति यांमध्ये जन्मांध, बधिर, मूक, उन्मत्त, जड इत्यादींची गणना ‘अनंश’ म्हणजे दायभाग न मिळणाऱ्यांत केली आहे. तथापि त्यांना अन्नवस्त्र देण्याचे बंधन दाय घेणाऱ्यांवर घातले आहे. या व्यवस्थेत दिव्यांग व्यक्ती उपाशी राहू नये याची तरतूद होती; पण ती मालमत्तेची स्वामी होऊ शकत नव्हती. ब्रिटिश अमदानीत न्यायालयांनी हाच नियम चालू ठेवला. हिंदू वारसाधिकार (अपात्रता निवारण) अधिनियम, १९२८ अन्वये मिताक्षरा पद्धतीपुरती ही अपात्रता बव्हंशी दूर झाली. जन्मतः वेडसर वा जड असलेल्या व्यक्तींची अपात्रता मात्र कायम राहिली. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ याच्या २८ व्या कलमाने रोग, व्यंग वा विकृती या कारणास्तव कोणासही उत्तराधिकारास अपात्र ठरविता येणार नाही असे स्पष्ट केले आणि पोषणापुरता मर्यादित असलेला हक्क स्वामित्वाचा हक्क झाला. ही घटना या विषयाच्या इतिहासात मूलगामी महत्त्वाची आहे.

पाश्चात्त्य देशांत इंग्लंडमधील १६०१ च्या दारिद्र्यविषयक अधिनियमाने वृद्ध, अंध, पंगू अशा निर्धनांच्या पोषणाची जबाबदारी ऐपतदार आप्तांवर टाकली होती. पुढे तेथे शासनाने ती जबाबदारी स्वतःकडे घेतली. आशियात याउलट कुटुंबाच्या जबाबदारीस विधीचे बळ देण्याकडे कल दिसतो. सिंगापूरने १९९५ मध्ये मातापित्यांच्या निर्वाहासंबंधी अधिनियम केला, तर भारतात हिमाचल प्रदेशाने २००१ मध्ये तसा अधिनियम केला.

भारतीय संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात वार्धक्य, आजार व विकलांगता या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळावे म्हणून राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत तरतूद करावी, असे निदेशक तत्त्व आहे. यानुसार १९९५ पासून राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना अंमलात आली. महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना व संजय गांधी निराधार अनुदान योजना यांद्वारे निर्धन वृद्धांना व दिव्यांगांना दरमहा अनुदान दिले जाते. मात्र निदेशक तत्त्वाची अंमलबजावणी न्यायालयाकरवी मागता येत नसल्यामुळे प्रत्यक्ष हक्कांसाठी स्वतंत्र अधिनियमांचाच आधार घ्यावा लागतो.

वृद्धांचा निर्वाहाचा हक्क : १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत निर्वाहाचा हक्क केवळ पत्नी व मुले यांना होता. १९७३ च्या संहितेतील १२५ व्या कलमाने तो प्रथमच आईवडिलांना दिला. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ मध्ये वृद्ध किंवा विकल मातापित्यांच्या निर्वाहाची तरतूद होती. पण ती हिंदूंपुरती व दिवाणी स्वरूपाची होती. १२५ वे कलम सर्व धर्मीयांना लागू होते. विवाहित कन्येवरही ही जबाबदारी आहे काय, असा प्रश्न महाराष्ट्रातील एका प्रकरणात उपस्थित झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये त्याचे उत्तर होकारार्थी दिले. विवाहाने कन्येचे मातापित्यांशी असलेले नाते संपत नाही, हे त्या निर्णयाचे सार होय. १ जुलै २०२४ पासून या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाने घेतली आहे.

न्यायदंडाधिकाऱ्यापुढील कार्यवाही वेळखाऊ व खर्चिक ठरते, हे ध्यानात घेऊन संसदेने आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ संमत केला. स्वतःच्या उत्पन्नातून वा मालमत्तेतून निर्वाह करू न शकणाऱ्या आईवडिलांना त्यांच्या सज्ञान मुलामुलींकडून अथवा नातवंडांकडून चरितार्थ मागता येतो. आईवडिलांच्या बाबतीत साठ वर्षांची अट नाही. निपुत्रिक ज्येष्ठ नागरिकास त्याची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला ती वारशाने मिळणार आहे, अशा आप्ताकडून चरितार्थ मागण्याचा हक्क आहे. ‘ज्याला लाभ, त्याच्यावर भार’ हे तत्त्व येथे दिसते. चरितार्थ या संज्ञेत अन्न, वस्त्र, निवारा व वैद्यकीय उपचार यांचा समावेश होतो.

अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. अर्जदार स्वतः असमर्थ असल्यास त्याने प्राधिकृत केलेली अन्य व्यक्ती वा संस्था अर्ज करू शकते. न्यायाधिकरण स्वतः होऊनही दखल घेऊ शकते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय द्यावा, अपवादात्मक परिस्थितीत ही मुदत एकदाच ३० दिवसांनी वाढविता येईल, अशी तरतूद आहे. मूळ अधिनियमानुसार राज्याने ठरवावयाचा चरितार्थ भत्ता दरमहा १०,००० रुपयांपेक्षा अधिक असू शकत नाही. न्यायाधिकरणाच्या आदेशावर जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील करता येते. ज्येष्ठ नागरिकाची काळजी घेण्याची जबाबदारी असताना त्याला कायमचे टाकून देण्याच्या उद्देशाने कोठेही सोडून देणे हा तीन महिन्यांपर्यंत कारावास वा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशा शिक्षेस पात्र असलेला अपराध आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निर्धन वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्याने स्थापावा, असेही अधिनियमात म्हटले आहे. एकाच व्यक्तीला फौजदारी संहिता व हा अधिनियम या दोहोंखाली चरितार्थ मागता येत नाही. दोहोंपैकी एक मार्ग निवडावा लागतो. महाराष्ट्राने या अधिनियमाखालील आपले नियम २०१० मध्ये केले.

आसाम राज्याने २०१७ च्या अधिनियमाने याहून वेगळा उपाय योजला. आईवडिलांची किंवा अविवाहित दिव्यांग भावंडांची हेळसांड करणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्याच्या वेतनातून ठराविक रक्कम कापून ती थेट अवलंबितांना देण्याची त्यात तरतूद आहे. आईवडिलांबरोबर दिव्यांग भावंडांचाही विचार करणे, हे या अधिनियमाचे वैशिष्ट्य होय.

मालमत्तेचे हस्तांतरण व त्यातील धोके : वृद्धांच्या विपन्नतेचे एक नेहमी आढळणारे कारण म्हणजे हयातीतच केलेले बक्षीसपत्र. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र नोंदणीकृत व किमान दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेले असावे लागते. ते एकदा पूर्ण झाले म्हणजे केवळ देणाऱ्याचे मन बदलले म्हणून रद्द करता येत नाही. मुलाने प्रेमाने वा आग्रहाने घर आपल्या नावावर करून घेतले आणि पुढे आईवडिलांना घराबाहेर काढले, तर जुन्या कायद्यानुसार फसवणूक, जबरदस्ती किंवा गैरवाजवी प्रभाव सिद्ध करणे, एवढाच मार्ग उरत असे. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ याच्या १६ व्या कलमात वय, आजार किंवा मानसिक वा शारीरिक क्लेश यांमुळे ज्याची मनःशक्ती दुर्बल झाली आहे, अशा व्यक्तीवर दुसऱ्याचे वर्चस्व असू शकते हे मान्य केले आहे. परंतु त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागतो आणि दाव्याच्या कालावधीत वृद्ध वादी हयात राहीलच असे नसते.

२००७ च्या अधिनियमातील २३ वे कलम या दृष्टीने महत्त्वाचे आहे. हस्तांतरिताने हस्तांतरकाच्या मूलभूत सुखसोयी व शारीरिक गरजा भागवाव्यात, या अटीवर ज्येष्ठ नागरिकाने मालमत्ता दिली असेल आणि ती अट पाळली गेली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने, जबरीने किंवा गैरवाजवी प्रभावाने झाले असे मानून न्यायाधिकरण ते शून्यवत घोषित करू शकते. अधिनियम अंमलात आल्यानंतर झालेल्या हस्तांतरणांनाच हे कलम लागू आहे. यातील ‘अट’ या शब्दावर बराच वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मधील एका निर्णयात अशी अट असल्याचे प्रस्थापित झाले पाहिजे, केवळ नातेसंबंधावरून ती गृहीत धरता येणार नाही, असे सांगितले. २ जानेवारी २०२५ रोजी दिलेल्या दुसऱ्या निर्णयात त्याच न्यायालयाने हा अधिनियम कल्याणकारी असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे म्हटले. त्या प्रकरणात मातेने पुत्राला दिलेल्या बक्षीसपत्रासोबत सेवाशुश्रूषेचे वचन देणारा वेगळा लेख होता. तो विचारात घेऊन बक्षीसपत्र रद्द ठरविण्यात आले. या निर्णयांवरून निघणारा व्यावहारिक बोध असा की, हयातीत मालमत्ता द्यावयाचीच असेल, तर पालनपोषणाची व निवासाची अट त्याच लेखात स्पष्ट शब्दांत लिहिलेली असावी.

ज्येष्ठ नागरिकाच्या घरातून मुलगा व सून यांना बाहेर काढण्याचा आदेश देता येतो काय, हाही प्रश्न न्यायालयांपुढे आला. संरक्षणासाठी आवश्यक असेल तेथे न्यायाधिकरण तसा आदेश देऊ शकते. परंतु घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याने स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा जो हक्क दिला आहे, तो या मार्गाने हिरावून घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. २००५ च्या अधिनियमाचा आश्रय वृद्ध मातेलाही घेता येतो, ही गोष्ट मात्र पुष्कळदा दुर्लक्षित राहते.

दिव्यांगांचे हक्क : भारतातील या विषयावरील पहिला सर्वसमावेशक अधिनियम १९९५ मध्ये संमत झाला. त्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार मान्य केले होते व शासकीय सेवेत तीन टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा अभिसंधी स्वीकारला. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास अनुसमर्थन दिले. त्याला अनुसरून केलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. त्यांत स्वमग्नता, मानसिक आजार, बहुविकलता, कंपवात, थॅलसीमिया व अम्लहल्ल्याने आलेली विकलता यांचा अंतर्भाव होतो. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या व्यक्तींसाठी शासकीय नोकरीत चार टक्के, तर शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत पाच टक्के जागा राखीव आहेत.

या अधिनियमातील सर्वांत महत्त्वाचा बदल मात्र आरक्षणाचा नसून विधिविषयक क्षमतेचा आहे. दिव्यांग व्यक्तींना इतरांच्या बरोबरीने मालमत्ता धारण करण्याचा, वारशाने मिळविण्याचा, स्वतःचे आर्थिक व्यवहार पाहण्याचा आणि कर्ज घेण्याचा हक्क आहे, असे १३ वे कलम सांगते. साहाय्य करणारी व्यक्ती व दिव्यांग व्यक्ती यांचे हितसंबंध एखाद्या व्यवहारात परस्परविरोधी असतील, तर साहाय्यकाने त्या व्यवहारात साहाय्य करू नये; दिव्यांग व्यक्तीला साहाय्याची व्यवस्था बदलता वा संपुष्टात आणता येते. १४ व्या कलमाने ‘मर्यादित पालकत्वा’ची कल्पना मांडली. पालकाने दिव्यांग व्यक्तीच्या जागी निर्णय न घेता तिच्याशी विचारविनिमय करून, परस्परविश्वासाने संयुक्त निर्णय घ्यावयाचा असतो आणि हे पालकत्व विशिष्ट निर्णयापुरते व विशिष्ट कालावधीपुरते असते. पूर्वीच्या ‘दुसऱ्याने ठरवावे’ या तत्त्वाकडून ‘दुसऱ्याच्या साहाय्याने स्वतः ठरवावे’ या तत्त्वाकडे झालेले हे स्थित्यंतर होय. विधिसेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार दिव्यांग व्यक्तीस, उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य विधिसाहाय्य मिळू शकते.

पालकत्व व ‘आपल्या पश्चात’चा प्रश्न : मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. मूल बौद्धिक दृष्ट्या दिव्यांग असले, तरी हा नियम बदलत नाही. ही गोष्ट पुष्कळ पालकांना बँकेत खाते उघडताना किंवा मालमत्तेचा व्यवहार करताना प्रथमच कळते. हिंदू पित्याला वा मातेला मृत्युपत्राद्वारे अज्ञान मुलासाठी पालक नेमता येतो. सज्ञान दिव्यांग अपत्यासाठी मात्र अशी नेमणूक पुरेशी होत नाही.

ही उणीव स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलता असलेल्या व्यक्तींच्या कल्याणार्थ केलेल्या राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ याने काही प्रमाणात भरून काढली. त्यानुसार स्थानिक स्तर समिती नेमण्यात येते. तीत जिल्हादंडाधिकारी वा जिल्हा आयुक्त दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती असे सदस्य असतात. आईवडील वा नातेवाईक आपल्या पसंतीच्या व्यक्तीला पालक नेमावे असा अर्ज या समितीकडे करू शकतात. पालकाची खरोखर गरज आहे काय आणि असल्यास कोणत्या कारणासाठी, याचा विचार समितीने करावयाचा असतो. नियुक्त पालकाने सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी व प्रतिवर्षी हिशेब सादर करणे आवश्यक आहे. पालक मालमत्तेचा अपहार किंवा व्यक्तीची उपेक्षा करीत असल्यास त्याला दूर करता येते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ या योजनेखाली या चार प्रकारच्या दिव्यांगांना एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. दिव्यांगांच्या हितार्थ जंगम मालमत्ता मृत्युपत्राने राष्ट्रीय न्यासास देण्याचीही सोय आहे. अशा मृत्युपत्रात लाभार्थी नमूद केला असल्यास त्याच्या योग्य राहणीमानाची व्यवस्था करणे न्यासावर बंधनकारक असते.

मानसिक आजारी व्यक्तींच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद १९१२ व १९८७ च्या अधिनियमांत होती. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत, याचे आगाऊ निदेश देण्याचा व आपला प्रतिनिधी नामनिर्देशित करण्याचा हक्क दिला. परंतु मालमत्तेच्या व्यवस्थापनाविषयीचे जुने प्रकरण त्यात आले नाही. त्यामुळे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त किंवा दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत असलेल्या व्यक्तीच्या बँकखात्यातून तिच्याच उपचारांसाठी पैसे काढण्याकरिता कुटुंबीयांना संविधानाच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयाकडे धाव घ्यावी लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा नेमणुकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयानेही बेशुद्धावस्थेतील पतीची पालक म्हणून पत्नीची नेमणूक केल्याची उदाहरणे आहेत.

नियोजनाची साधने : (१) मुखत्यारपत्र : वृद्ध व्यक्ती आपले व्यवहार पाहण्यासाठी विश्वासातील व्यक्तीला मुखत्यारपत्र देतात. भारतीय संविदा अधिनियमाच्या २०१ व्या कलमानुसार मालक मृत झाला किंवा त्याचे चित्त विकल झाले, म्हणजे अभिकर्त्याचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या वेळी त्याची सर्वाधिक गरज भासते, नेमक्या त्याच वेळी मुखत्यारपत्र निरुपयोगी होते. इंग्लंडमध्ये १९८५ च्या अधिनियमाने मानसिक क्षमता गेल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र मान्य केले व २००५ च्या अधिनियमाने त्याची व्याप्ती वाढविली. भारतात तशी सर्वसाधारण तरतूद नाही.

(२) मृत्युपत्र : भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार मृत्युपत्र सज्ञान व स्थिरबुद्धी व्यक्तीला करता येते. मूक, बधिर वा अंध व्यक्तीही, आपण काय करीत आहोत हे तिला कळत असेल तर, मृत्युपत्र करू शकते. एरवी चित्तभ्रम असलेली व्यक्ती बुद्धी स्थिर असलेल्या काळात ते करू शकते. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. नोंदणी ऐच्छिक आहे. तथापि वयोवृद्ध व्यक्तीच्या मृत्युपत्राबाबत पुढे वाद उद्‌भवण्याचा संभव असल्याने नोंदणी करणे आणि त्या वेळी मनःस्थिती चांगली असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडणे इष्ट ठरते. लाभार्थी साक्षीदार नसावा. बक्षीसपत्राच्या मानाने मृत्युपत्राचा मोठा गुण असा की, ते मृत्यूनंतरच अंमलात येते आणि क्षमता असेतोवर केव्हाही बदलता येते. यामुळे घर अखेरपर्यंत स्वतःच्या नावावर राहते.

मृत्युपत्राचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे नाही. मुस्लिम विधीनुसार वारसांच्या संमतीवाचून साधारणतः एकतृतीयांशाहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या व्यवस्थेनुसार मुलांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी निम्मी मालमत्ता राखीव असते. उरलेल्या भागाचीच विल्हेवाट इच्छेनुसार लावता येते. म्हणून दिव्यांग अपत्याला अधिक वाटा द्यावयाचा असल्यास या मर्यादेतच तशी योजना करावी लागते.

(३) नामनिर्देशन : बँकखाते, विमापत्र वा समभाग यांवर नामनिर्देशन केले म्हणजे ती मालमत्ता नामनिर्देशित व्यक्तीची झाली, असा गैरसमज सर्वत्र आढळतो. सामान्यतः अशी व्यक्ती रक्कम केवळ स्वीकारण्यास पात्र असते. स्वामित्व मृत्युपत्रानुसार वा उत्तराधिकाराच्या नियमांनुसार ठरते. सर्वोच्च न्यायालयाने विम्यासंबंधी १९८३ मध्ये आणि समभागांसंबंधी २०२३ मध्ये असेच निर्णय दिले. विम्याविषयीच्या कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन आईवडील, पती वा पत्नी व मुले यांच्यापुरता याला अपवाद करण्यात आला आहे.

(४) खाजगी न्यास : बौद्धिक दृष्ट्या दिव्यांग अपत्याच्या नावे थेट मालमत्ता ठेवली, तर ती सांभाळणे त्याला कठीण जाते, भावंडाच्या नावे ‘तू त्याला सांभाळ’ अशा विश्वासावर ठेवली, तर त्या भावंडाचा मृत्यू, कर्जबाजारीपणा किंवा मतपरिवर्तन यांमुळे ती धोक्यात येते. भारतीय न्यास अधिनियम, १८८२ अन्वये न्यास स्थापून हा पेच बऱ्याच अंशी सोडविता येतो. स्थावर मालमत्तेचा न्यास नोंदणीकृत लेखाने वा मृत्युपत्राने निर्माण करावा लागतो. न्यासपत्रात विश्वस्तांची नावे व त्यांचे उत्तराधिकारी, उत्पन्नाचा विनियोग, लाभार्थीचे निवासस्थान, हिशेबतपासणी आणि लाभार्थीच्या मृत्यूनंतर उरणाऱ्या मालमत्तेची व्यवस्था यांचा स्पष्ट उल्लेख असावा. शरीराची काळजी घेणारा पालक व पैसा सांभाळणारा विश्वस्त या दोन भिन्न व्यक्ती असल्यास एकाचा दुसऱ्यावर अंकुश राहतो.

(५) कुटुंब निवृत्तिवेतन : केंद्र शासनाच्या सेवेतील कर्मचाऱ्याच्या दिव्यांग व उपजीविका करण्यास असमर्थ असलेल्या अपत्याला, विहित अटी पूर्ण केल्यास, आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. पालकांच्या हयातीतच कार्यालयीन दप्तरात अपत्याची व त्याच्या दिव्यांगत्वाची नोंद करून घेतली नाही, तर हा हक्क पुढे सिद्ध करणे अवघड जाते.

(६) उपचारविषयक पूर्वनिदेश : असाध्य आजारात कृत्रिम उपायांनी आयुष्य लांबविले जाऊ नये, अशी इच्छा लेखी नोंदवून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला. त्यासाठीची गुंतागुंतीची पद्धत जानेवारी २०२३ मध्ये सुलभ करण्यात आली. आता असा लेख दोन साक्षीदारांसमक्ष करून नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतो.

मूल्यमापन : या सर्व तरतुदींचा एकत्रित विचार केल्यास संरक्षण व स्वातंत्र्य या दोन मूल्यांमधील ताण सर्वत्र जाणवतो. वृद्धाला वा दिव्यांगाला केवळ संरक्षणीय मानले, तर त्याच्या नावाने इतर लोक निर्णय घेऊ लागतात. त्याला सर्वस्वी स्वतंत्र मानले, तर दुर्बलतेचा गैरफायदा घेणाऱ्यांना मोकळे रान मिळते. २०१६ च्या अधिनियमातील मर्यादित पालकत्व हा या दोहोंतील मध्यम मार्ग आहे. पण १९९९ च्या अधिनियमातील पालकत्वाशी त्याचा पूर्ण मेळ अद्याप बसलेला नाही. टिकाऊ मुखत्यारपत्राचा अभाव व चित्त विकल झालेल्यांच्या मालमत्तेसंबंधी स्वतंत्र अधिनियमाचा अभाव, या दोन उणिवा वृद्धांची संख्या वाढत असताना अधिकाधिक जाचक ठरत आहेत. चरितार्थाच्या अधिनियमाबाबत मुख्य अडचण निराळी आहे. पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करण्यास आईवडील सहसा धजत नाहीत आणि केला तरी आदेशानंतर त्यांना बहुधा त्याच घरात राहावयाचे असते. विधी अन्न व निवारा मिळवून देऊ शकतो. जिव्हाळा मिळवून देणे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे. म्हणूनच शरीर व बुद्धी शाबूत असताना, घरातील सर्वांशी उघडपणे विचारविनिमय करून व ज्याच्यासाठी व्यवस्था करावयाची त्या दिव्यांग व्यक्तीलाही त्यात सहभागी करून घेऊन, योग्य ते लेख करून ठेवणे हा न्यायालयीन मार्गापेक्षा श्रेयस्कर उपाय होय.